पिवळी साल

६ जानेवारी २०२५, सोमवार

कंपनीतल्या माझ्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर आकड्यावर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. अकरा वर्षं लातूरच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या तपासते आहे आणि अकरा वर्षं असल्या शहाण्या वह्या भरते आहे. ही डायरी मात्र माझी. इथे मी वाटेल तिथे खोडणार आणि वाटेल त्याला नावं ठेवणार. रविकांतला सांगून ठेवलंय, नवरा असलास तरी ही उघडायची नाही.

लिहायला बसले त्याचं कारण माय. अप्पा तिला काल गावाहून घेऊन आले. आमचं गाव जळकोटपासून पाच किलोमीटर. तिथून दोन गाड्या बदलून लातूर येईपर्यंत ती पोट धरून बसली होती म्हणे. तीन महिन्यांत अंगावरचं सगळं मांस झडलंय, चोळीच्या बाह्या लोंबतात. आज दुर्बीण घालून पाहिलं. जठरात जखम आहे, चिंचोक्याएवढी. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या खाता का? माय म्हणाली, "न्हाई, रोज कुठं. गुडघे धरले तरच." अप्पा खाली बघत म्हणाले, "रोजच, साहेब. सहा वर्षं झाली." गावातल्या किराणा दुकानात सुट्या मिळतात. मुलगी औषधाच्या कंपनीत आणि माय चहापत्तीबरोबर गोळ्या आणते. मला डॉक्टरांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या गोळ्या आजपासून बंद. ॲसिड कमी करणारं औषध दोन महिने, न चुकता. जखम भरून येते. नाही भरली आणि आतली शीर फुटली तर मात्र अवघड आहे. हे शेवटचं त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं.

८ जानेवारी, बुधवार

आज कॅप्सूलवरून महाभारत. डॉक्टरांनी लिहिलेली कॅप्सूल माय उजेडात धरून बघत बसली आणि म्हणाली, "हे हाडाचं असतंय. मी न्हाई खायची." गावात सोमवारी बायका महादेवाच्या देवळात जमतात, तिथे कुणीतरी फोनवर दाखवलं होतं की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडापासून करतात. आता तिला वेडी म्हणावं तर तसंही नाही. बहुतेक कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, आणि जिलेटिन हाडाकातड्याचंच असतं.

"माझ्या गळ्यात लिंग हाय," माय म्हणाली. "सत्तर वर्षं अंडं शिवलं न्हाई. आता जाता जाता हाड चघळू का?"

लिंगायताच्या घरात यापुढे बोलायला काही उरत नाही. परत दवाखान्यात गेले, रांगेत बसले, तेच औषध गोळीत लिहून आणलं. पिवळी, लांबट, गुळगुळीत गोळी. आमच्याकडेही हीच बनते, दुसऱ्या नावानं. मी सकाळची शिफ्ट करून आलेले, पोळ्या व्हायच्या होत्या, डोकं ठणकत होतं. मायनं गोळी नखानं खरवडून पाहिली आणि विचारलं, "आन् ही वरची पिवळी साल कशाची गं?"

मी म्हणाले, "साल ती साल, माय. तिच्यात औषध नसतं. औषध आत असतं. तू गिळ ना."

"आसं हाय व्हय," ती म्हणाली. अप्पांनीही मान हलवली. एकदाचा विषय मिटला.

१० जानेवारी, शुक्रवार

दोघं गावी गेले. दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत घालून दिल्या. इथे राहा म्हटलं तर म्हैस आहे, हरभरा आहे, सगळं आहे. फक्त स्वतःचं पोट नाही. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक, असं तीनदा सांगितलं. अप्पा म्हणाले, "मी देतो ना हातानं. तू फिकीर करू नको."

१९ जानेवारी, रविवार

गावी जाऊन आले. माय जरा बरी वाटली, की मलाच तसं वाटायला हवं होतं कोण जाणे. गोळ्यांची चौकशी केली तर रिकाम्या पट्ट्या डब्यातून काढून समोर ठेवल्या. जितके दिवस तितक्या गोळ्या कमी, चोख. कंपनीतली माणसं इतकी चोख असती तर माझं रक्त कमी आटलं असतं.

अप्पांची गंमत वाटते. जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या न घेतलेला माणूस आता पहाटे उठून मायच्या औषधाची तयारी करतो. तिची लिंगपूजा होईपर्यंत हे एका वाटीत बोअरचं पाणी घेतात, मांडीवर धुतलेलं फडकं पसरतात आणि वाटीपुढे ध्यान लावल्यासारखे बसतात. मला म्हणाले, "तू चहा ठेव जा, हिकडं मी बघतो." नवरा-बायकोचं उतारवयातलं प्रेम, मध्ये कशाला कडमडा, म्हणून मी चुलीकडे गेले. ते बोअरचं पाणी इतकं जड आहे की डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

निघताना अंगणातल्या दोरीवर तेच पांढरं फडकं वाळत होतं, सगळे पिवळे डाग. मी म्हणाले, "अप्पा, हळदीचे डाग कडक उन्हात जातात. अजून दोन दिवस राहू द्या." अप्पा नुसते हसले.

३० जानेवारी, गुरुवार

आज आमच्याकडे पिवळ्या गोळीचीच बॅच होती. गोळ्यांवर साल चढवायचा पॅन फिरत होता, वरून फवारा चालू, आणि पॅनवरची सिंधु नेहमीप्रमाणे माझ्याशी भांडत होती की मी तिच्या गोळ्यांना मुद्दाम नावं ठेवते. नवीन लागलेल्या समीक्षाला मी काम समजावून सांगितलं. मला हे समजावून सांगायला आवडतं, म्हणून इथेही लिहिते.

हे औषध पोटातलं ॲसिड कमी करतं, पण स्वतः त्याच ॲसिडला घाबरतं. उघडं पोटात गेलं की अर्ध्या तासात जळून जातं, त्याचा काही उपयोग राहत नाही. म्हणून त्याच्यावर साल चढवायची. ही साल सेल्युलोजची, म्हणजे कापसाच्या धाग्यात किंवा लाकडाच्या लगद्यात जे असतं त्याची. त्याला एक रसायन जोडलं की ते ॲसिडला दाद देत नाही. जठरातून गोळी अख्खी पुढे जाते आणि आतड्यात, जिथे ॲसिड नसतं, तिथे साल विरघळते. आमची परीक्षाही तशीच असते. सहा गोळ्या सहा नळ्यांत घालून दोन तास ॲसिडात खालीवर करायच्या. एकीला जरी तडा गेला तरी शंका घ्यायची. समीक्षा म्हणाली, म्हणजे मॅडम, सालच खरी महत्त्वाची. मी म्हणाले, मग माझा पगार कशाचा?

मायला फोन केला होता. अजून आग होते म्हणाली. जखमा भरायला वेळ लागतो, मी सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तपासणी. रक्त नऊवरून पावणेआठवर आलंय. पुन्हा दुर्बीण घातली. जखम तशीच, उलट थोडी खोल. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, गोळ्या नक्की घेतात ना? मी पट्ट्या दाखवल्या. ते म्हणाले, मग दुसरं काहीतरी पोटात जात असेल. आता गोळी दोन वेळा द्या, सकाळ-संध्याकाळ. दवाखान्यात ठेवायचं का विचारलं तर माय आधीच चप्पल घालून दारात उभी.

दुसरं काहीतरी म्हणजे काय ते मला लगेच कळलं. रिक्षात मी विचारलं, गुडघ्याच्या गोळ्या चालूच आहेत ना? तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "ह्याची आन हाय. एक बी खाल्ली न्हाई." मी तोंड फिरवून बसले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्या पट्टीतल्या सहा गोळ्या ठेवून घेतल्या होत्या. आज जेवणाच्या सुट्टीत गुपचूप तपासल्या. दोन तास ॲसिडात, एकीलाही ओरखडा नाही. आतलं औषधही पुरेपूर. गोळीत खोट नाही. म्हणजे खोट मायच्या बोलण्यात आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

गावी गेले आणि सरळ तिची पेटी उघडली. वाईट दिसतं हे मला कळत होतं. साडीच्या घडीत, चिंधीच्या गाठीत, गुडघ्याच्या सहा गोळ्या. मी त्या तिच्यासमोर धरल्या.

"जुन्या हायत त्या," माय म्हणाली. "टाकून द्यायचं जिवावर आलं."

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणाले, तुला मरायचंच असेल तर मर, पण मला लातूर-जळकोट करायला लावू नकोस. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भाकरी झाली होती, मी जेवले नाही.

अप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले. काठी टेकत. गाडी दिसल्यावर म्हणाले, "ती खरं बोलून राहिली, सुकन्या. मी सोता देतो गोळी, दोन्ही टायमाला. लई जपून देतो."

तुम्हाला ती फसवते, अप्पा, असं मनात म्हणाले आणि गाडीत चढले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा दिवस फोन केला नाही. काल महाशिवरात्र होती. तिनं उपास धरलाच असणार, त्या पोटावर. करू दे. रविकांत म्हणाला, लहान मुलासारखं रुसतेस काय, लाव फोन. उद्या लावते.

३ मार्च, सोमवार. नांदेड

सकाळी अप्पांचा फोन. मायला रक्ताची उलटी झाली. आधी मुखेडला नेलं, त्यांनी हात लावला नाही, नांदेडला न्या म्हणाले. मी लातूरहून परस्पर इथे आले. ती खाटेवर इतकीशी दिसत होती की आधी मी दुसऱ्याच बाईजवळ जाऊन उभी राहिले. रक्त चढवणं चालू आहे. दुर्बिणीतून शीर बंद केली आहे. तीन दिवस गेले की काय ते सांगू, असं म्हणतात.

अप्पांचाही रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. त्यांनाही गोळ्या दिल्यात. खिशात टाकून बसलेत.

५ मार्च, बुधवार

बोलली. म्हणाली, "पोरी, जेवलीस का?" मी तिच्या पायाशी बसून रडले. त्या सहा गोळ्यांबद्दल माफी मागितली, अजूनही तिनं त्या खाल्ल्या असं मला वाटतच होतं, तरी मागितली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू वरडतीस तवा मला बरं वाटतंय. कुणाला तरी फिकीर हाय म्हणून."

६ मार्च, गुरुवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

आज तिसरा दिवस, रक्त थांबलेलं. दुपारी नर्सनं तीच पिवळी गोळी अप्पांच्या हातात दिली, आता सलाइनऐवजी हे तोंडातून द्या म्हणाली. मी मायचे केस विंचरत होते. अप्पा उठले, पेल्यात नळाचं पाणी घेऊन आले, गोळी त्यात टाकली आणि पेल्यापुढे बसून राहिले. ध्यान लावल्यासारखे. मग त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं, गोळी बाहेर काढली आणि चोळायला लागले.

मी विचारलं, "अप्पा, काय करताय?"

"साल काढून राहिलो. हिथलं पाणी चांगलं न्हाई, लवकर निघंना. आपल्या बोअरच्या पाण्यात कशी पटकन निघती."

उपरण्यावर पिवळा डाग होता.

"रोज काढता?"

"मंग? तिला हाडाचं चालत न्हाई ना. तूच म्हणली की, सालीत औषध नसतंय. मंग म्हणलं, कशाला तिचा नेम मोडायचा."

फणी माझ्या हातात तशीच राहिली. पन्नासावर दिवस. त्यातले शेवटचे वीस दिवस दोन-दोन वेळा. ती उघडी गोळी गिळत होती आणि ती पोटात पडल्या पडल्या जळून जात होती. ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

मी नर्सकडून दुसरी गोळी मागून आणली. मायच्या कानाशी जाऊन सांगितलं, "माय, ही साल हाडाची नसते. कापसाची असते."

"कापसाची?" तिनं डोळे उघडले. चाळीस वर्षं तिनं कापूस वेचला आहे. "मंग दे की. पयले सांगायचं न्हाई का गं."

आणि तिनं ती एका घोटात गिळली. काही म्हणजे काही त्रास झाला नाही.

अप्पा बघत होते. त्यांनी विचारलं, "साल काढल्यानं काई बिघडलं का?"

मी म्हणाले, "नाही अप्पा. काही बिघडत नाही. ती नुसती रंगाला असते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

८ मार्च, शनिवार

पहाटे पुन्हा रक्त सुटलं. माय गेली.

१७ मार्च, सोमवार. गाव

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, बसवून. शेताच्या कडेला खड्डा केला. तिला मांडी घालून बसवलं, अंगभर विभूती लावली, डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं. स्वामींनी मंत्र म्हटले. बायका म्हणत होत्या, चेहरा बघा कसा शांत आहे. मला शांत दिसला नाही. मला ती काहीतरी विचारायला बसल्यासारखी दिसली, आणि पहिली मूठ माती टाकायला माझा हात उठेना. शेजारच्या भामाबाईंनी माझं मनगट धरून टाकवली.

डॉक्टरांना मी निघताना विचारलं होतं, गोळी लागू पडली असती तर? ते म्हणाले, वय आहे, जखम खोल होती, नक्की कुणीच सांगू शकत नाही. मी अशी वाक्यं रोज वाचते. नक्की सांगता येत नाही याचा अर्थ मला कळतो.

एक बरं आहे, अप्पांना काही कळलेलं नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला हे कळून कसं चालेल. ते जेवत नाहीत, पण ते साहजिक आहे. भामाबाई म्हणाल्या, नांदेडहून आल्या आल्या त्यांनी ती औषधाची वाटी आणि फडकं उचललं आणि शेतातल्या पडक्या विहिरीत टाकून आले. दुःखात माणूस काहीही करतो. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी अजून अख्खी आहे. घ्या म्हटलं की म्हणतात, उद्यापासून.

मी ठरवलंय. हे माझ्यापाशी राहणार. त्यांनी दोन महिने जे केलं ते प्रेमानं केलं, तेवढंच त्यांच्याजवळ राहू दे.

२५ मार्च, मंगळवार. लातूर

गावाहून बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. करू नये असं वाटत होतं, पण करून पाहिल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. पाण्यात पीएचची कागदी पट्टी बुडवली, आठच्या वर, म्हणजे ॲसिडच्या उलट. खारट, जड पाणी. सहा पिवळ्या गोळ्या टाकल्या. ॲसिडात दोन तास टिकणारी साल त्या पाण्यात दहाव्या मिनिटाला मऊ पडली आणि पंधराव्या मिनिटाला फडक्याला लागून निघाली. फडक्यावर डाग. हळदीचे.

मग उघड्या गोळ्या ॲसिडात घातल्या. अर्ध्या तासात पाणी काळपट पडलं. औषध मोजलं, मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सिंधुनं विचारलं, कुठल्या बॅचचं आहे? मी म्हणाले, घरची आहे, आणि संडासात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. एक वाक्य सांगायचं होतं, कापसाची आहे. समीक्षाला सगळं रामायण सांगायला मला वेळ होता. जिला सांगायला हवं होतं तिला मी म्हणाले, साल ती साल.

१५ एप्रिल, मंगळवार

भामाबाईंचा फोन आला. आवाज दबका. म्हणाल्या, काल सोमवारी अप्पा देवळात आले. बायकांचं भजन चालू होतं, तिथे कधी पुरुष येत नाहीत. हे काठी धरून मधोमध उभे राहिले. भामाबाईंनी जसं सांगितलं तसं लिहिते.

"ते म्हणले, बायांनो, तुमच्यात कोण कोण गोळीची साल काढून खातंय? आमच्यातल्या चौघींनी हात वर केले गं. मी बी त्यात. तवा म्हणले, काढू नका. ती कापसाची असती. मी नांदेडच्या डॉक्टरला इचारून आलो. साल न्हाई तर औषध पोटात जळून जातंय. मी माझ्या हातानं काढून देत होतो, आमची त्यानं गेली. तुमच्या घरी असं होऊ नये. आन् गेले निघून. पाणी बी घेतलं न्हाई."

मी विचारलं, डॉक्टरांना कधी विचारलं म्हणे?

"तुझी माय जिती होती तवाच. तू औषध आणायला खाली गेली होती म्हणत होते."

औषधाला मी खाली एकदाच गेले होते, म्हणजे सहा तारखेलाच. मी त्यांना खोटं सांगितलं त्याच संध्याकाळी. म्हणजे माती देताना त्यांना माहीत होतं. वाटी विहिरीत टाकताना माहीत होतं. मी आठवडाभर त्यांच्यापुढे पाट मांडत होते, कसं बाई यांना काही कळलं नाही म्हणत होते, आणि ते माझ्यापुढे बसून ते सगळं एकटे गिळत होते. मी स्वतःला हुशार समजते.

२० एप्रिल, रविवार. गाव

सकाळी पोचले. अप्पा म्हशीला पाणी दाखवत होते. हातपाय धुऊन आम्ही सोप्यात बसलो. मी म्हणाले, "अप्पा, तुम्हाला माहीत होतं."

"हाव."

"मग मला का बोलला नाहीत?"

"तू म्हणली, काई बिघडत न्हाई. जन्मात कधी माझ्याकडं न बघता बोलली न्हाईस तू. तवाच वळखलं, लई मोठं कायतरी हाय. म्हणून डॉक्टरला इचारलं."

मग मी सांगितलं. की ते माझ्या बोलण्यानं झालं, सालीत औषध नसतं हे मीच म्हणाले होते, दमले होते म्हणून, पोळ्या राहिल्या होत्या म्हणून. सांगताना मला शब्द सुचत नव्हते, मी तेच तेच बोलत राहिले. अप्पांनी मला सगळं बोलून घेऊ दिलं.

"माहीत हाय," ते म्हणाले. "म्हणून तर तुला बोललो न्हाई."

बाहेर म्हैस खुंट्याभोवती फिरत होती. मग मी कोनाड्यातली त्यांची पट्टी आणली, अजून अख्खीच होती, आणि एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ही गुलाबी असते. त्यांनी ती बोटानं इकडून तिकडे केली.

"हिची बी कापसाची?"

"कापसाची, नाहीतर लाकडाची. हाडाची नाही."

"अशीच गिळायची?"

"अशीच. पाण्यासोबत."

त्यांनी पेला घेतला, गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली. घोटाबरोबर गळ्याचा कंठमणी खाली-वर झाला. क्षणभर ते वाट बघत बसले, अजून काहीतरी व्हायचं असल्यासारखे.

"येवढंच होतं व्हय," अप्पा म्हणाले.

आणि मग ते रडायला लागले. माय गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी त्यांच्या हातातला पेला काढून खाली ठेवला आणि शेजारी सरकून बसले.